परदेशी मोहिमेवरचा जवान आणि घर : युद्धकाळात संपर्काची घडी कशी बसवावी

फौजेच्या सिग्नल्समध्ये रेडिओ सेटवर बसणाऱ्या पोराला पहिल्याच वर्षी एक शिस्त लागते. पलीकडून उत्तर आलं नाही, तर लॉगबुकात ‘नथिंग हर्ड’ लिहायचं आणि पुढे वेळ टाकायची. बॅटरी उतरली असेल, एरियल पडली असेल, पकडले गेले असतील, यातलं काहीही लिहायचं नाही. ऐकू आलं नाही एवढंच ठाऊक असतं, म्हणून तेवढंच लिहायचं. मी अठ्ठावीस वर्षं हे केलं आणि २०११ मध्ये सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी, ग्वाल्हेरला लष्करात आलो. (हे आमच्या भागाचं नाव. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, तो उठलाच नाही.) पण २०२४ मध्ये मुलगा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची निळी टोपी घालून दक्षिण लेबनॉनला गेला, तेव्हा कळलं की घरातले आम्ही सगळे मनातल्या लॉगबुकात नेमकं तेच लिहीत बसतो, जे लिहायचं नसतं.

त्या वर्षी १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. सागरतालावर गणपती बोळवून आलो, हातपाय धुतले, टीव्ही लावला, तर लेबनॉनभर पेजर फुटल्याची बातमी. दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले. सूनबाईंनी मला विचारलं, “बाबा, यांच्या फोनचं काय?” आयुष्यभर सेट हाताळलेल्या माणसाला पटकन उत्तर देता येईना. तिथपासून २७ नोव्हेंबरच्या युद्धविरामापर्यंत एकाहत्तर दिवस गेले. खाली जे सांगतोय ते त्या दिवसांत चुकत चुकत बसवलेलं आहे. तुमचा माणूस लेबनॉनला असो, दक्षिण सुदानला असो की काँगोत, घरातली घडी बरीचशी अशीच बसवावी लागते.

निघण्याआधी : एक बैठक, एक फाईल

सुट्टीचे शेवटचे दिवस जेवणावळीत जातात. त्यातला एक पूर्ण दुपारचा वेळ काढा. टीव्ही बंद, पाहुणे नाहीत, फक्त घरातले. जवान, त्याची बायको, आईवडील. हे बोलणं अशुभ आहे असं घरातलं कोणीतरी म्हणणारच, आमच्याकडेही म्हटलं गेलं. तरी बसा.

फाईलमध्ये हे हवं : त्याचा सैनिकी नंबर, हुद्दा, रेकॉर्डवर आहे तसंच पूर्ण नाव, युनिट, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, मागे राहिलेल्या रिअर पार्टीचा फोन, ड्युटी जेसीओचा (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा) नंबर, आर्मी पोस्ट ऑफिसचा पत्ता आणि त्याचा नऊने सुरू होणारा पिनकोड. बँकेचं खातं दोघांच्या नावे आहे का, ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंडात वारस कोण लिहिलाय, लग्नाची आणि मुलांची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या दप्तरी, चढली आहे का, हेही तपासून घ्या. आमच्यासारख्या मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत नावाचा घोळ हमखास असतो. आधारवर नवऱ्याचं नाव मध्ये घातलेलं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं, बँकेत मधलं नावच नाही. सूनबाईंचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं निघालं. ते सरळ करायला दोन महिने लागले, आणि तो इथे असताना झालं म्हणून झालं.

सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र दिसायला अगदी साधा असतो : निकटचा नातलग म्हणून कोणाचं नाव, कोणता पत्ता आणि कोणता फोन लिहिलेला आहे. काही बरंवाईट झालंच, तर फौज आधी त्याच माणसाकडे येते. तो फोन नंबर चार वर्षांपूर्वी बंद पडलेला असेल, तर बातमी तुम्हाला टीव्हीवर दिसेल. घर बदललं, नंबर बदलला की युनिटला लेखी कळवा. काही अडलंच तर मुरारला स्टेशन हेडक्वार्टर आहे आणि शहरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. एकदा जाऊन तोंडओळख करून ठेवायला हरकत नाही.

सिमकार्डाचा प्रश्न

याचा विचार कोणी करत नाही आणि मग तिसऱ्या महिन्यात बँकेचा ओटीपी येत नाही. जवानाचं भारतीय सिम बँक, आधार, विम्याचे निरोप आणि व्हॉट्सॲप अशा सगळ्या ठिकाणी जोडलेलं असतं. प्रीपेड नंबर सलग नव्वद दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते. म्हणून ठरवा : सिम त्याच्याबरोबर रोमिंगवर जाणार की घरी एका साध्या फोनमध्ये राहणार? आम्ही घरी ठेवलं. तिकडे त्याने तिकडचं सिम घेतलं, व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहिलं. घरचा फोन सूनबाईंकडे असायचा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रिचार्ज आणि आठवड्यातून एक फोन त्या सिमवरून कोणालातरी.

एक सावधगिरी. त्याचा तिकडचा फोन बिघडला आणि नव्या फोनवर व्हॉट्सॲप लावावं लागलं, तर सहा आकडी कोड घरातल्या सिमवर येतो. तो कोड त्याला कसा सांगायचा, हे आधी ठरवा. आणि हा कोड दुसऱ्या कोणीही मागितला तर द्यायचा नाही, अगदी “मी त्यांच्याच कंपनीतला” असं म्हणून मागितला तरी.

कोणती ॲप वापरायची याबाबत फौजेचे नियम असतात आणि ते बदलतात. २०२० मध्ये एकोणनव्वद ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, फेसबुकही त्यात होतं. घरच्यांनी “सगळे वापरतात, तू का नाही” म्हणून पोराला पेचात पकडू नये. युनिट सांगेल ते ॲप, युनिट सांगेल ती वेळ.

घड्याळ

लेबनॉनमध्ये उन्हाळी वेळ चालते. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. उन्हाळ्यात आपण त्यांच्या अडीच तास पुढे, हिवाळ्यात साडेतीन. दक्षिण सुदान आणि पूर्व काँगोत ही भानगड नाही, तिथे बारा महिने साडेतीन.

हे मला ठाऊक होतं, घरात सांगायचं राहिलं. त्याचा फोन तिथल्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे आपल्या रात्री नऊला यायचा. २७ ऑक्टोबरला नऊ वाजले, सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. आमच्या हिने देवापाशी दिवा लावला. दहाला फोन वाजला. तो नेहमीच्याच वेळेवर होता, घड्याळ हललं होतं. दिवाळी चार दिवसांवर आलेली आणि तो एक तास आम्हाला कुठल्याही बातमीपेक्षा जड गेला. मग स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं आणि त्याखाली कागदावर बदलाची तारीख.

शांततेचा अर्थ आधी ठरवा

लोक विचारतात, रोज बोलणं व्हायचं का? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. किती वेळा बोलायचं ते तुमच्या हातात नसतं. गोळीबार सुरू झाला की माणसं बंकरमध्ये जातात, टॉवर बंद पडतो, वरून फोन बंद ठेवण्याचा हुकूम येतो. तुमच्या हातात एवढंच असतं की बोलणं झालं नाही तर त्याचा घरात काय अर्थ लावायचा.

रेडिओ नेटवर, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या सेटांच्या जाळ्यात, एक कंट्रोल स्टेशन असतं. बाकीचे सेट आपापसात कालवा करत नाहीत, कंट्रोलमार्फत बोलतात. घरातही असा एक माणूस नेमा. युनिटला, रिअर पार्टीला, इतर जवानांच्या घरी फोन करायचा तो त्यानेच. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं की मीच असणार. पण कंट्रोल सूनबाई झाल्या, आणि ते बरं झालं. निकटची नातलग म्हणून नाव त्यांचं, इतर जवानांच्या बायकांशी ओळखी त्यांच्या, आणि खरं सांगायचं तर डोकं माझ्यापेक्षा थंड.

मग पायऱ्या. आमच्या अशा होत्या, तुमच्या तुम्ही जवानाला विचारून ठरवा, कारण तिथलं नेट कसं आहे ते त्यालाच माहीत.

पहिले चोवीस तास काहीच करायचं नाही. वहीत वेळ लिहायची : ‘ऐकू आलं नाही.’ चोवीस तासांनंतर कंट्रोलने एकच लेखी निरोप पाठवायचा, साधा, घरचा. “आज मेथीची भाजी केली, पिलूने खाल्ली.” प्रश्नचिन्ह नको, “कुठे आहेस, उत्तर दे” नको. नेट आल्यावर त्याच्या फोनवर असे चाळीस निरोप एकदम कोसळले तर त्याची हालत काय होईल याचा विचार करा. अठ्ठेचाळीस तासांनंतर त्याच युनिटमधल्या दुसऱ्या एखाद्या घरी विचारायचं : तुमच्याकडे काही आलं का? सगळ्यांकडेच शांतता असेल तर ते चांगलं लक्षण, म्हणजे लाइन सगळ्यांचीच गेली आहे. बहात्तर तासांनंतर रिअर पार्टीला एक फोन. एकच.

१० ऑक्टोबरला नकुरा इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयातल्या निरीक्षण मनोऱ्यावर इस्रायली रणगाड्याने गोळा डागला, इंडोनेशियाचे दोन शांतिसैनिक जखमी झाले. बातमीत फक्त ‘शांतिसैनिक जखमी’ एवढंच आधी झळकलं. आमच्याकडे तेव्हा एकतीस तास ‘ऐकू आलं नाही’ चालू होतं. बडोद्याहून बहिणीचा, इंदूरहून साडूंचा, पुण्याहून भाच्याचा, सगळ्यांचे फोन. सूनबाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला : नकुरा पश्चिमेला समुद्राकाठी, आणि भारतीय तुकडीचा भाग पूर्वेच्या टोकाला. अठ्ठेचाळीसचा आकडा यायच्या आत निरोप आला, एकच अक्षर.

त्या अक्षराची गोष्ट. तो रोज उठल्यावर ‘ठी’ पाठवायचा. ‘ठीक’मधला ‘ठी’. त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरलेलं. नेट अगदी मेल्यासारखं असलं तरी एक अक्षर जातं. दुबळ्या लाइनवर काय चालतं याचा क्रम लक्षात ठेवा : आधी लेखी निरोप, मग आवाजाची छोटी नोंद, मग साधा कॉल, आणि सगळ्यात शेवटी व्हिडिओ. लेखी निरोप आणि आवाजाची नोंद रांगेत थांबून राहतात, नेट आलं की जातात. व्हिडिओ कॉल मात्र आत्ता नाही तर नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे, ती दोन्हीकडे चालू करा.

निरोपांना नंबर घाला

ही युक्ती माझ्या काळातली. १९८८ मध्ये मी भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो. पत्र छप्पन एपीओमार्गे, म्हणजे फौजेच्या टपालातून, यायचं, कधी आठवड्याने, कधी तीन आठवड्यांनी, आणि क्रमाने तर कधीच नाही. अकरावं आधी, नववं नंतर. वडिलांनी बाड्यावरच्या पोस्टातून टाकलेल्या प्रत्येक अंतर्देशीय पत्राच्या कोपऱ्यात नंबर असे. त्यामुळे ‘आईला बरं आहे’ हे ‘आईला ताप आहे’च्या आधीचं की नंतरचं, ते कळायचं. नंबर नसता तर मी आईच्या तापावर आठवडाभर जागलो असतो.

मोबाइलवरही हे लागतं. आवाजाच्या नोंदी उलटसुलट पोचतात, काही पोचतच नाहीत. बोलायला लागताना सांगा : “नंबर त्रेसष्ट, बुधवार रात्र.” पलीकडच्याने पुढच्या वेळी एवढंच म्हणायचं, “एकसष्टपर्यंत मिळाले.” वहीत नोंद ठेवा. सुरुवातीला सगळे हसतात.

काय बोलायचं नाही

ठिकाण, गस्तीची वेळ, किती माणसं, कोणती गाडी, कोण कधी सुटीवर निघणार, जेवणाचा ट्रक कधी येतो. यातलं काही विचारूही नका. तुम्ही विचारलं की त्याला खोटं बोलावं लागतं किंवा नियम मोडावा लागतो.

फोटोचं जास्त जपा. मागचा डोंगर, बोर्ड, मनोरा बघून जागा ओळखणारे लोक असतात. फोटो मूळ फाईल म्हणून पाठवला तर काढल्याची जागाही आत नोंदलेली असू शकते. त्याने पाठवलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा नाही, हे भाच्यांना आणि जावयांना स्पष्ट सांगा. आमच्या एका नातलगाने ‘गर्व आहे’ म्हणून फोटो स्टेटसला लावला. काढायला लावल्यावर ते तीन महिने बोलले नाहीत. चालतं.

लाइव्ह लोकेशन तर मुळीच नको, आणि ते खरंही नसतं. त्या भागात उपग्रहाच्या खुणांमध्ये मुद्दाम गडबड केली जात होती. बसल्या जागी फोन दाखवायचा की तुम्ही बैरुतच्या विमानतळावर आहात. घरच्यांनी असं ठिकाण पाहिलं तर रात्र गेलीच म्हणून समजा.

आणि सांकेतिक भाषा बनवू नका. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आपल्या जवानांनी घरच्या पत्रांत काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, असं लिहून पाहिलं होतं. सेन्सॉरने ते ओळखलं, म्हणून तर शंभर वर्षांनी आपल्यालाही ठाऊक आहे. शब्द साधे ठेवा, बोलायचं नाही ते बोलू नका, बस.

मग बोलायचं काय?

बारीकसारीक. तिघऱ्याच्या धरणाचं पाणी एक दिवसाआड येतंय, टाकीचा व्हॉल्व्ह बदलला, शेजारच्या काकूंनी गॅलरीत कबुतरांसाठी जाळी लावली. अशा गोष्टींनी त्याला घरात बसल्यासारखं वाटतं, हे मला श्रीलंकेत कळलं. वडिलांचं एक पत्र पूर्ण पानभर मोरीच्या गळतीवर होतं. ते मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं.

घरातलं आजारपण लपवायचं का? बैठकीतच विचारा, त्याला काय हवं ते. आमच्या पोराने सांगितलं, दवाखान्यात भरती केलं तर त्याच दिवशी कळवा, सर्दीखोकला नको. हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही त्याला आधी सांगून केलं. लपवलं असतं तर कोणत्यातरी मावशीच्या तोंडून गेलंच असतं, आणि मग पुढच्या प्रत्येक ‘सगळं ठीक’वर त्याने शंका घेतली असती.

पैशाचा, जमिनीचा, सासूसुनेचा वाद फोनवर काढू नका. लाइन मध्येच तुटते आणि अर्धं वाक्य घेऊन माणूस रात्रपाळीला उभा राहतो. कॉलच्या सुरुवातीलाच महत्त्वाचं सांगून घ्या, गप्पा नंतर. आणि फोन सगळ्यांनी हिसकू नये. पहिली पाच मिनिटं नवराबायकोची, आम्ही तेवढ्यात बाल्कनीत जायचो.

लहान मूल असेल तर निघण्यापूर्वी त्याच्याकडून गोष्टी आवाजात नोंदवून घ्या. आमच्या चार वर्षांच्या नातीसाठी त्याने वीस गोष्टी करून ठेवल्या होत्या. तिला ससा आणि कासवच रोज लागायची. उरलेल्या एकोणीस तशाच आहेत.

खाऊ पाठवायचा तर सुटीवरून परतणाऱ्या जवानाबरोबर. वजनाचं बंधन असतं, तेव्हा एका घरचं एक किलोवर नको. चिवडा टिकतो, चकली मोडते. ग्वाल्हेरची गजक तुकडे होऊनच पोचते, पण तक्रार आली नाही.

खोटे फोन

युद्धाची बातमी आली की हे सुरू होतं. “तुमचा मुलगा जखमी आहे, ताबडतोब पैसे पाठवा.” “हेडक्वार्टरमधून बोलतोय, पडताळणीसाठी युनिटचं नाव सांगा.” आवाजाची नक्कलही आता सहज होते. म्हणून घरचा एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर घराबाहेर कोणालाच ठाऊक नाही आणि कुठे लिहिलेलंही नाही. फौज जखमीच्या उपचाराचे पैसे फोनवर मागत नाही. कोणी युनिट विचारलं तर त्याचा नंबर घ्या, फोन ठेवा आणि फाईलमधल्या रिअर पार्टीच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच कळवा.

बातम्या आणि शेजार

दिवसातून दोनदाच. सकाळी चहाबरोबर आणि संध्याकाळी सातला. जेवताना टीव्ही बंद. आपल्या वाहिन्यांवर चालू क्लिप आजची की गेल्या वर्षीची, ते कळत नाही. आवाज मात्र सारखाच मोठा. संयुक्त राष्ट्रांच्या लेबनॉनमधल्या दलाचं स्वतःचं निवेदन आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन, हे दोन बघितले की पुरतं. भिंतीवर नकाशा लावा. १९७८ मध्ये हे दल तिथे गेलं, १९९८ मध्ये आपली बटालियन गेली, २०२४ मध्ये आपली सुमारे नऊशे माणसं होती. एवढं कळलं तरी ‘लेबनॉनमध्ये हल्ला’ ही बातमी जरा आकारात येते.

“काही कळलं का?” असं शिंद्यांच्या छावणीपासून दौलतगंजापर्यंत प्रत्येकजण विचारणार. प्रेमानेच विचारतात, पण दिवसातून नऊदा उत्तर देऊन आमच्या हीचा रक्तदाब वाढला. एक वाक्य ठरवून टाका आणि सगळ्यांनी तेच म्हणा : “कळलं की तुम्हाला सांगतो.” यापुढे चहा विचारायचा.

परतल्यावर

घरचा फोन आणि सिम त्याला परत द्या, बँकेत आणि व्हॉट्सॲपवर जोडलेली उपकरणं तपासा, तिकडचं सिम त्याच्याकडूनच बंद करवून घ्या. निकटच्या नातलगाचा फोन पुन्हा एकदा पडताळा. पहिले पंधरा दिवस ‘तिकडे काय झालं’ असं विचारू नका, पाहुण्यांनाही दारातच सांगा. मी १९९० मध्ये घरी आलो तेव्हा आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एवढंच विचारलं होतं, “सत्तेचाळीस नंबरचं पत्र मिळालं का?” मिळालं नव्हतं. मग त्यांनी त्यात काय लिहिलं होतं ते सांगितलं, आणि आम्ही जेवायला बसलो.